दोन नावांची चिठ्ठी

मीनाक्षी उमाळकरने अर्ज भरला सोमवारी, अकरा नोव्हेंबरला, आणि तो मागे घ्या म्हणून सांगणारा पहिला फोन आला मंगळवारी सकाळी सव्वानऊला. फोन खुद्द अध्यक्षांचा होता. श्रीरंग परचुरे सलग सहा वर्षं पाइनवन मराठी मंडळाचे अध्यक्ष होते, आणि अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या निम्म्या मराठी घरांत सणावाराला त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नसे.

"वहिनी, बिझी आहात का?"

"मेथी निवडतेय. बोला."

"नाही, ते तुमच्या फॉर्मचं. सेक्रेटरी यशोधन म्हणाला, तुम्ही प्रेसिडेंटसाठी भरलाय. मी म्हटलं, चुकून झालं असेल."

"पाच सह्या गोळा केल्या श्रीरंगभाऊ. इतकं चुकून कसं होईल?"

पलीकडे ते हसले. मग आवाज खाली आला, घरातला झाला. "हे बघा, आपल्यात इलेक्शन बरं दिसत नाही. आज तुम्ही उभ्या राहणार, उद्या तुमचे लोक, आमचे लोक. गट पडले की एका गावात दोन गणपती बसतात. झालंय असं, तुम्हाला माहीत आहे."

मीनाक्षीला माहीत होतं. दोन गणपती ही अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी मंडळाची जुनी धास्ती. कुठल्याशा गावात मंडळ फुटलं, एकाच रविवारी दोन हॉलमध्ये दोन आरत्या झाल्या आणि जेवायला कुठे जायचं या पेचात अर्धी माणसं घरीच बसली, ही गोष्ट नव्या माणसाला पहिल्या वर्षातच सांगितली जाते.

"अर्ज राहू दे," ती म्हणाली. "मतं पडू देत. तुम्ही निवडून आलात तर पहिलं अभिनंदन माझं असेल."

फोन ठेवून ती पुन्हा मेथीकडे वळली. गट पडतील, म्हणे. वॉशिंग्टननेही जाताजाता देशाला हेच बजावलं होतं की पक्षांच्या नादी लागू नका. आणि त्याच्या काही वर्षं आधी, त्याच्याच मंत्रिमंडळात, जेफरसन आणि हॅमिल्टन समोरासमोर बसून एकमेकांना पाण्यात पाहत होते. गट निवडणुकीमुळे पडत नाहीत. ते असतातच. निवडणुकीत फक्त मोजले जातात. अठरा वर्षं तिने हे आठवीच्या मुलांना शिकवलं होतं.

ती मूळची अकोल्याची. वडील नगरपालिकेच्या शाळेत मास्तर. इतिहास घेऊन बी. ए. झाली आणि १९८५ साली लग्न होऊन नॉर्थ कॅरोलायनात आली. नवरा, संजय, कापड गिरणीत रंगांचा रसायनतज्ज्ञ होता. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या. तो औषधांच्या कंपनीत लागला आणि बिऱ्हाड कॅरीला आलं. मीनाक्षी तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना जेवण वाढत असे. तिथून वर्गात मदतनीस झाली. चार वर्षं संध्याकाळच्या कॉलेजला गेली आणि बेचाळिसाव्या वर्षी आठवीच्या वर्गात अमेरिकेचा इतिहास शिकवायला उभी राहिली. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "ही बाई आपल्याला आपला इतिहास शिकवणार?"

"हो," ती म्हणाली. "आणि पेपरही मीच तपासणार."

वर्ग हसला. मग त्या मुलाने तोंड उघडलं ते जूनमध्ये, थँक यू म्हणायला.

निवृत्त झाल्यावर तिने मंडळाच्या हॉलमध्ये शनिवारी सकाळी दहाचा वर्ग सुरू केला. विद्यार्थी अकरा, सगळ्यांत लहान सहासष्ट वर्षांचा. मुलांकडे राहायला आलेली ही माणसं आता नागरिकत्वाच्या मुलाखतीची तयारी करत होती. अधिकारी समोर बसून इंग्रजीत दहा प्रश्न विचारतो, सहा बरोबर यावे लागतात. शामकांतकाका वर्धा डेपोतून एसटीचे कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी सगळे राष्ट्राध्यक्ष वेळापत्रकासारखे पाठ केले होते.

"पहिला कोण, काका?"

"वॉशिंग्टन. सुटला १७८९ ला. मग ॲडम्स, १७९७. मागोमाग जेफरसन, १८०१. मधे कुठे थांबा नाही."

इलामावशी ऐंशीच्या. ऐकू कमी येत असल्यामुळे त्या पहिल्या खुर्चीवर बसत, आणि मीनाक्षीच्या ओठांवरून शब्द वाचत. त्यांची मुलाखत मार्चमध्ये होती.

सप्टेंबरात कमिटीचा मेल आला. जानेवारीपासून शनिवारी दहाला हॉल मुलांच्या डान्स प्रॅक्टिसला दिला आहे, नागरिकत्वाचा वर्ग कृपया झूमवर घ्यावा. झूमवर इलामावशींना ना आवाज नीट येणार, ना ओठ दिसणार. मीनाक्षीने सेक्रेटरी यशोधनला फोन करून विचारलं, हे कोणी ठरवलं?

"कमिटीने."

"मतं घेतली होती?"

"काकू, मतं कसली घेता? घरचीच माणसं आपण."

"बरं, कमिटी कोणी निवडली?"

"सगळ्यांनी. टाळ्या वाजवल्या ना तुम्ही पण!"

हे मात्र खरं होतं. एकतीस वर्षांत मंडळात एकदाही मतदान झालं नव्हतं. नोव्हेंबरात मावळत्या अध्यक्षांकडे चार जाणती माणसं जमत, नावं ठरत. डिसेंबरच्या सर्वसाधारण सभेत ती वाचून दाखवली जात. कोणीतरी "सगळ्यांना मान्य?" असं विचारी आणि टाळ्या पडत. बिनविरोध. तो शब्द लोक कौतुकाने उच्चारत. मीनाक्षीनेही बावीस वर्षं टाळ्या वाजवल्या होत्या, कधी कधी तर नावं पुरती ऐकण्याआधीच. फोन ठेवल्यावर तिला सगळ्यांत जास्त राग आला तो त्या बावीस वर्षांचा.

तिने मंडळाची घटना मागवली. पानं नऊ. ती वाचताना सातव्या कलमाशी ती थांबली आणि एकटीच मोठ्याने हसली. मंडळ स्थापन करणारे दोन मित्र होते. दोघांपैकी कोणालाच दुसऱ्याहून खालचं पद नको होतं. म्हणून त्यांनी लिहून ठेवलं की प्रत्येक सभासदाने एकाच चिठ्ठीवर जास्तीत जास्त दोन नावं लिहावीत. ज्याला सर्वांत जास्त मतं तो अध्यक्ष, त्याच्या खालोखाल उपाध्यक्ष. मतदानच कधी झालं नाही, त्यामुळे हे कलम कोणी वापरलं नाही की बदललं नाही. अमेरिकेच्या घटनाकारांनी सुरुवातीला हुबेहूब हीच चूक करून ठेवली होती.

घरी संजयने वर्तमानपत्र खाली ठेवलं. "अगं, सहा वर्षं तो माणूस गणपतीला स्वतःच्या गाडीतून उकडीचं पीठ वाहतोय. पहाटे उठून खुर्च्या मांडतो. त्याच्याविरुद्ध उभी राहणार तू?"

"त्याच्या खुर्च्या मांडण्याविरुद्ध नाही."

"माझा त्याच्याशी शनिवारी ब्रिज असतो, मीनाक्षी."

"खेळ की. त्याला विचार, पत्ते वाटतानाही तो सगळ्यांना मान्य का म्हणून विचारतो का."

मुलगी अनिका ईडन प्रेरीहून फोनवर म्हणाली, "आई, सीरियसली? इट्स अ पॉटलक क्लब."

"मग त्या घरोघरच्या डब्यांच्या पॉटलक क्लबने माझ्या म्हाताऱ्यांना हॉलबाहेर का काढलं?"

"ओके," अनिका म्हणाली, आणि थोडं थांबून, "डू यू नीड पोस्टर्स?"

पोस्टर्सची गरज नव्हती. तो नोव्हेंबर असा होता की कॅरीतल्या प्रत्येक हिरवळीवर आधीच कोणाची ना कोणाची प्रचाराची पाटी होती. ज्यांनी देशाच्या निवडणुकीसाठी दीड तास रांग लावून छातीला 'मी मत दिलं'चा स्टिकर चिकटवला, तीच माणसं आठवड्याभराने तिला दुकानात गाठून म्हणत होती, "मंडळात कशाला हो पॉलिटिक्स?"

सोळा तारखेच्या शनिवारी वर्गात शामकांतकाकांनी विषय काढला. "बाई, हे ॲडम्स आणि जेफरसन, दोघांनी मिळून इंग्रजाला हाकललं ना? मग भांडले कशावरून?"

"हाकलेपर्यंत एक होते, काका. मग घर कसं चालवायचं यावरून दोन झाले. ॲडम्स फेडरलिस्टांचा. त्यांचं म्हणणं, केंद्राचे हात बळकट हवेत. जेफरसनच्या बाजूचे म्हणत, राज्यांना आणि शेतकऱ्यांना त्यांचं बघू द्या. ते स्वतःला रिपब्लिकन म्हणवत, पण तो पक्ष आजचा नव्हे. ऑफिसरसमोर गोंधळ करू नका."

"तोंडातोंडी भांडले?"

"वर्तमानपत्रांतून. जेफरसन आला तर बायबलं जप्त होतील, इथपर्यंत अफवा गेली. लोकांनी ती बागेत पुरली, विहिरीत सोडली, असं सांगतात."

"विहिरीत?" इलामावशींनी ओठांवरून नेमका तोच शब्द टिपला. "भिजली नाहीत?"

"ते कोणी लिहून ठेवलं नाही, मावशी."

मग तिने फळ्यावर १७९६ लिहिलं. निवडणाऱ्या प्रत्येकाला दोन मतं होती, पण अध्यक्षासाठी कोणतं आणि उपाध्यक्षासाठी कोणतं, हे लिहिण्याची सोय नव्हती. ॲडम्स पहिला आला, त्याच्या जोडीदाराला त्याच्याच काही लोकांनी मत दिलं नाही, आणि दुसरा आला जेफरसन. सरकारात पहिला एका पक्षाचा आणि दुसरा विरुद्ध पक्षाचा. चार वर्षांनी उलट झालं. जेफरसनच्या लोकांनी इमानेइतबारे दोन्ही नावं लिहिली, आणि जेफरसन आणि बर नावाचा त्याचा जोडीदार, दोघांना सारखीच मतं पडली. मग प्रतिनिधिगृहात छत्तीस वेळा मतदान झालं, तेव्हा कुठे जेफरसन अध्यक्ष ठरला.

"आणि ॲडम्स?"

"हरला. चिडला. शपथविधीलाही थांबला नाही. पहाटे चारच्या घोडागाडीने गाव सोडलं."

"वेळेवर गाडी पकडली म्हणजे माणूस शिस्तीचा," शामकांतकाका म्हणाले.

"पण खुर्ची सोडली, काका. सैन्य बोलावलं नाही. इतक्या शिव्या देऊन, इतक्या खाऊन, फक्त मोजणी झाली म्हणून सोडली. तोवर असं फार ठिकाणी घडलं नव्हतं."

काका फळ्याकडे बघत राहिले. "बाई, आपल्या मंडळाचं कलमही असंच आहे म्हणता ना? दोन नावं लिहिता येतात. लिहायलाच हवीत, असं नाही?"

"जास्तीत जास्त दोन."

"मग दुसरं मत देऊन समोरच्याला मोठं कशाला करायचं?" ते म्हणाले, आणि त्यांनी वही मिटली. मीनाक्षीने फळा पुसायला घेतला. शिकवलं तेवढं पुरे होतं.

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशी देवांग घरी आला. पस्तिशीचा, गोड बोलणारा, श्रीरंगच्या बाजूने उपाध्यक्षपदाला उभा राहिलेला. येताना केशरी पेढे आणले होते.

"काकू, सगळ्यांच्या मनात आहे की तुम्हाला ज्येष्ठ सल्लागार करावं. स्टेजवर सत्कार करू. शाल, श्रीफळ, सगळं प्रॉपर. फक्त फॉर्म कॅन्सल करा."

"शाल आहे माझ्याकडे."

"नाही, म्हणजे मानाची."

"देवांग, सल्लागाराला मत असतं का?"

तो हसला. "काकू, सल्ला असतो ना."

"तो मी सप्टेंबरात दिला होता. कोणी घेतला नाही. पेढे छान आहेत. चहा घेणार?"

त्याने चहा घेतला. जाताना दारात म्हणाला, "हराल हो काकू. उगाच वाईट वाटेल तुम्हाला."

"वाटेल. पण किती मतांनी, ते तर कळेल."

आठ डिसेंबरला, रविवारी दुपारी तीनला सभा भरली. शहाण्णव सभासद हजर. एरवी पन्नासही येत नसत. श्रीरंग सुरेख बोलले. आपण एक कुटुंब आहोत, म्हणाले. मीनाक्षीला बोलायला तीन मिनिटं होती, ती दोनच मिनिटं बोलली. "श्रीरंगभाऊंनी मंडळासाठी केलं ते मी पाहिलंय. ते वाईट अध्यक्ष आहेत म्हणून मी उभी नाही. त्यांना नाही म्हणायची कोणाला सवय राहिली नाही, म्हणून उभी आहे. मला मत देऊ नका हवं तर. पण आज टाळ्या वाजवू नका, चिठ्ठी लिहा."

चिठ्ठ्या वाटल्या गेल्या आणि हॉलभर चुळबुळ सुरू झाली. बायका नवऱ्यांना दिसू नये म्हणून आडवा हात धरून लिहीत होत्या. मागून कोणीतरी म्हणालं, "यार, दोघांनाही एकेक देऊन टाक, कोणाचंच मन दुखायला नको."

आणि तसंच झालं. मोजायला बाहेरचा माणूस हवा म्हणून शेजारच्या तेलुगू संघाचे एक गृहस्थ बोलावले होते. त्यांनी आकडे वाचले. श्रीरंग परचुरे, चौऱ्याहत्तर. मीनाक्षी उमाळकर, त्रेसष्ट. देवांग, एक्केचाळीस. चौदा चिठ्ठ्यांवर एकच नाव होतं. ते कोणाचं, हे शामकांतकाकांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

मीनाक्षी अकरा मतांनी हरली होती. आपल्याला इतकं लागेल असं तिला वाटलं नव्हतं. तरी ती उठली, स्टेजपर्यंत चालत गेली आणि श्रीरंगशी हात मिळवला. "अभिनंदन."

"थँक्यू वहिनी. खेळीमेळीत झालं, बरं झालं." मग त्यांची नजर यशोधनच्या कागदावर गेली आणि चेहरा उतरला. दुसरं नाव देवांगचं लिहिलं तरच तो उपाध्यक्ष होणार, हे त्यांच्या लोकांना सुचलंच नव्हतं. शेजारधर्म म्हणून त्यांनी दुसरं नाव मीनाक्षीचं लिहिलं होतं.

श्रीरंगनी माइक घेतला. "मंडळी, एक छोटी टेक्निकल अडचण. जुन्या नियमाने उपाध्यक्षपद वहिनींकडे जातंय. तसा कोणाचाच हेतू नव्हता. टीम एक असली की काम चांगलं होतं. तर देवांगला उपाध्यक्ष म्हणून आपण टाळ्या वाजवून—"

चारदोन हात एकत्र आलेही.

"थांबा," मीनाक्षी म्हणाली. माइक नव्हता, पण अठरा वर्षं आठवीचा वर्ग सांभाळलेला आवाज होता. हात थांबले.

"नियम चुकीचा आहे. मला मान्य आहे. या देशाच्या घटनेतही हाच नियम होता, आणि तो चुकीचाच होता. त्यांनी तो १८०४ साली रीतसर दुरुस्त केला. निकाल लागल्यावर हॉलमध्ये टाळ्या वाजवून नव्हे. आपला नियम बदलायचा ठराव मीच आणीन, दोन महिन्यांची नोटीस देऊन, कलम बारा. अध्यक्षाची चिठ्ठी वेगळी, उपाध्यक्षाची वेगळी. तोपर्यंत त्रेसष्ट लोकांनी माझं नाव लिहिलंय. ते खोडायचं असेल तर एकेकाने पुढे येऊन खोडा. मी इथेच उभी आहे."

कोणी पुढे आलं नाही. संजय तिसऱ्या रांगेत होता. तो खुर्चीवर जरा ताठ बसला आणि शेजारच्याला म्हणाला, "कलम बारा. मी वाचलंय." त्याने वाचलं नव्हतं.

श्रीरंगनी माइक खाली ठेवला. "दोन जानेवारी, संध्याकाळी सहा, माझ्याकडे मीटिंग," ते रुक्षपणे म्हणाले. "उपाध्यक्षांनी यावं."

उपाध्यक्ष पाच मिनिटं आधी पोहोचल्या. परचुऱ्यांच्या काचेच्या सनरूममध्ये सात जण. श्रीरंग, मीनाक्षी, यशोधन, खजिनदार शिवांगी, डान्सचं काम बघणारी अदिती, आणि श्रीरंगचे जुने सोबती असलेले दोन सभासद. हॉलचा विषय निघताच श्रीरंग म्हणाले, "वहिनी, यावर आपलं एकमत झालेलंच आहे."

"मग मोजायला अर्धं मिनिट लागेल. वर्ग दहाला हॉलमध्येच राहावा. बाजूने?" आणि तिने स्वतःचा हात वर केला.

काही क्षण तो एकटाच होता. तिला वाटलं, संपलं. मग यशोधनने हात वर केला. "सासूबाई वर्गात आहेत," तो श्रीरंगकडे न बघता म्हणाला. "मला घरी जायचंय." शिवांगीचा हात वर गेला. आणि मग अदितीचा.

"अदिती!" श्रीरंग खुर्चीत पुढे सरकले. "अगं, डान्स तुझा आहे!"

"दादा, डान्स बाराला पण होतो. मुलं दहाला उठतच नाहीत. मला बाराचं बरं."

"मग सप्टेंबरमध्ये बोलली का नाहीस?"

"तुम्ही मेल टाकलात, दादा. विचारलं कुठे?"

आतून कुकरची शिट्टी आली.

"विरुद्ध?" मीनाक्षीने विचारलं.

श्रीरंगनी हात वर केला. अर्धवट नाही, पुरता. त्यांच्याबरोबर ते दोघे. चार विरुद्ध तीन.

"पडलो म्हणा मी," ते म्हणाले.

"या विषयात," ती म्हणाली. "हॉलची चावी कोणाकडे असते?"

श्रीरंगनी खिशातून जुडगा काढला आणि नखाने बराच वेळ कडी उकलत बसले. पितळेची एक चावी सुटी झाली. ती त्यांनी टेबलावरून तिच्याकडे सरकवली. "पावणेदहाला उघडतो मी. पण हीटरला अर्धा तास लागतो. म्हाताऱ्यांना गार वाटेल."

"मग साडेनऊला उघडेन," मीनाक्षी म्हणाली.